शाळा सुटल्यानंतरचे दोन तास
(कंपन्यांच्या सामाजिक निधीतून चालणारे अभ्यासवर्ग)

आपल्या राज्यातील प्राथमिक शाळा बहुधा सकाळच्या भरतात आणि दुपारी एकच्या सुमारास सुटतात. घंटा झाली की एकाच बाकावरील दोन मुले दोन दिशांना निघतात. एक घरी जाऊन जेवते, घटकाभर निजते आणि चार वाजता शिकवणीला बसते. शिकवणी नसली तरी आई, आजी किंवा मोठी बहीण वही उघडून त्याच्याजवळ बसते. दुसरे मूल औद्योगिक वसाहतीच्या कडेला असलेल्या भाड्याच्या एका खोलीत परतते. आई बांधकामावर, वडील कारखान्यात. दिवेलागणीपर्यंत घरात मोठे माणूस नाही. धाकट्या भावंडाला सांभाळणे हाच त्याचा गृहपाठ. घरातील बोली कन्नड, तेलुगू, लमाणी किंवा हिंदी, आणि पुस्तक मराठीत वा कोंकणीत. सकाळी शिकविलेले त्याच दिवशी पुन्हा एकदा कोणी म्हणवून घेतले नाही, तर ते शाळेतच राहते.

प्राथमिक इयत्तांत कोणाला मागे ठेवले जात नसल्याने वर्षअखेरीस दोघेही पुढच्या वर्गात जातात. अंतर आहे हे शिक्षकांना दिसत असते. परंतु ज्या शाळेत एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात, तेथे ते भरून काढण्यास वेळ कोठून आणावा? पाचवीत गेल्यावर मात्र ते लपत नाही. म्हणूनच शाळा सुटल्यानंतरच्या अभ्यासवर्गाचा प्रश्न हा दयेचा नसून, एका मुलाला घरी जे विनासायास मिळते ते दुसऱ्याला कोठे मिळावे, एवढ्यापुरता साधा आहे.

यासाठी पैसा कोणी द्यावयाचा, याचे जुने उत्तर आपल्याच भूमीत आहे. पणजीत स्थापन झालेल्या मुष्टिफंड संस्थेचे नावच तिची कहाणी सांगते. घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूस काढावयाचे आणि त्यातून मुलांच्या मराठी शिक्षणाची सोय करावयाची, अशी ती योजना होती. पोर्तुगीज राजवटीत ही मूठ शेकडो घरांतून येत असे. म्हणून एखादे घर बंद झाले तरी काम बंद पडत नसे. आज मुठीच्या जागी कंपनीचा धनादेश आला आहे. तो मोठा असतो, परंतु एकाच हातून येतो. या लेखात जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ या फरकात आहे.

कायदा काय सांगतो

कंपनी कायदा, २०१३ यातील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. कायदा करताना घातलेली मर्यादा अशी होती : ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम दरवर्षी सामाजिक कार्यावर खर्च करावी. कोणती कार्ये चालतील हे कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिले असून त्यांत शिक्षणाचा समावेश आहे. हा कर नव्हे. ही रक्कम शासनाच्या तिजोरीत भरावयाची नसते. कंपनीने स्वतः किंवा एखाद्या संस्थेमार्फत ती खर्च करावयाची असते. बोलण्यात ‘सीएसआर’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो हाच निधी. कायदा केंद्राचा असल्याने गोव्यातील वाचकांना तो जितका लागू, तितकाच बेळगाव, बडोदे वा इंदूर येथील वाचकांनाही.

ज्या परिसरात कंपनीचा कारभार चालतो त्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही याच कलमात म्हटले आहे. ही सक्ती नाही. तरीपण शेजारच्या कारखान्याला पत्र लिहिताना ग्रामस्थांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही, एवढा आधार त्यातून निश्चित मिळतो.

आणखी एक तरतूद फारशी कोणाच्या वाचनात नसते. आपल्या मालाच्या वा सेवेच्या विक्रीस लाभ व्हावा म्हणून पुरस्कृत केलेला कार्यक्रम या खर्चात धरता येत नाही, असे नियमांत स्पष्ट सांगितले आहे. आपल्याच कर्मचाऱ्यांना लाभ देणारे कामही चालत नाही. कंपनीने आपले नाव लावूच नये असा याचा अर्थ नव्हे. परंतु मुलांच्या पाठीवरील दप्तर ही जाहिरातीची जागा आहे अशी समजूत कोणाची असेल, तर ती नियमांच्या आशयाशी जुळणारी नाही.

मार्च महिन्याची अडचण

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका वाड्यावरील देवळाच्या अग्रशाळेत चालणारा असा वर्ग पाहिला होता. चटईवर वीस-बावीस मुले, आणि शिकविणारी ताई त्याच वाड्यावरची, बारावी झालेली. तिसरीतील एक मुलगी चिंचोके मांडून हातच्याची वजाबाकी करीत होती. दहाचा ढीग मोडून एकेक चिंचोका पलीकडे सारताना तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो वर्णन करून सांगण्यासारखा नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुरस्कर्त्या कंपनीचे अधिकारी आले. फलक लागला, दप्तरे वाटली गेली, छायाचित्रे निघाली. दप्तरे चांगल्या प्रतीची होती, हेही सांगितले पाहिजे. जूनमध्ये पुन्हा तिकडे जाणे झाले तेव्हा अग्रशाळा बंद होती. आर्थिक वर्षाबरोबर प्रकल्प संपला होता; एप्रिलपासूनचे मानधन न आल्याने ताई शहरातील एका दुकानात कामाला लागली होती. फलक तेवढा उरला होता. पाऊस येण्यापूर्वी कोणीतरी तो लाकडांवर झाकला होता.

येथे कोणाचा वाईट हेतू होता असे म्हणता येत नाही. कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि तोवर ठरलेली रक्कम खर्ची पडली पाहिजे, अशी तिच्या कार्यालयाला घाई असते. दप्तरे एका दिवसात विकत घेता येतात. ताईचे मानधन एका दिवसात देता येत नाही. ते महिन्यामागून महिना द्यावे लागते. मूल वाचावयास शिकते तेही असेच.

जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ही घाई टाळण्याचा मार्ग कायद्यातच उपलब्ध झाला आहे, आणि शाळांच्या दृष्टीने साऱ्या विषयाचा गाभा तेथेच आहे. एखादे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून कंपनीच्या संचालक मंडळाने मंजूर केले, तर ते ज्या आर्थिक वर्षात सुरू झाले ते वर्ष सोडून पुढे आणखी तीन वर्षांपर्यंत चालविता येते. अशा प्रकल्पाची वर्षअखेरीस न खर्चलेली रक्कम ३० दिवसांच्या आत बँकेतील स्वतंत्र खात्यात ठेवावयाची आणि पुढील तीन आर्थिक वर्षांत त्याच कामासाठी वापरावयाची असते. चालू प्रकल्प नसेल, तर शिल्लक रक्कम सहा महिन्यांच्या आत कायद्याने नेमून दिलेल्या एखाद्या निधीत वर्ग करावी लागते, म्हणजे ती गावाच्या हातून जाते.

सुरुवातीचे एक वर्ष आणि पुढील तीन, अशी चार वर्षे झाली. आपली प्राथमिक शाळाही पहिली ते चौथी अशी चारच इयत्तांची आहे. पहिलीत आलेले मूल चौथी पार होईपर्यंत एकाच वर्गाला एकच आधार मिळू शकेल, इतका अवधी नियमांनी दिलेला आहे. मात्र त्यात एक मेख आहे. वर्गाचा आरंभ मार्चमध्ये केला, तर ‘सुरू झाले ते वर्ष’ एका महिन्यातच संपते आणि चारांची तीन वर्षे होतात. तेव्हा उद्घाटनाची तारीख कंपनीच्या सोयीने मार्चअखेरीस ठेवण्यापेक्षा ती नव्या आर्थिक वर्षात, शाळा उघडतानाच ठेवावी, असा आग्रह मुख्याध्यापकांनी धरावा.

बडोद्याचा अनुभव

सातत्याला इतके महत्त्व का द्यावयाचे, याचा एक चांगला पुरावा बडोद्याने दिला आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई व बडोदे येथील महापालिकेच्या शाळांत बालसखी योजना चालविली होती. वस्तीतीलच माध्यमिक शिक्षण झालेली तरुणी, महिना ५०० ते ७५० रुपये मानधन, आणि तिच्याकडे मागे पडलेली पंधरा-वीस मुले, रोज सुमारे दोन तास. हे तास शाळेच्या वेळातले होते, नंतरचे नव्हेत; पण शिकविण्याची रीत आपल्या अभ्यासवर्गांना लागू पडणारीच आहे. मुलाची इयत्ता कोणती हे न पाहता त्याला काय येते तेथून आरंभ करावयाचा, ही ती रीत. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या योजनेची काटेकोर तपासणी केली. बॅनर्जी व डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे वाचकांस ठाऊक असेलच.

तपासणीचा निष्कर्ष सोप्या भाषेत असा मांडता येईल. शंभर मुले गुणांच्या क्रमाने रांगेत उभी केली आणि मधोमध पन्नासाव्या जागी असलेले मूल पाहिले, तर योजनेच्या दुसऱ्या वर्षाअखेर ते सुमारे अकरा जागा पुढे सरकले होते. इतक्या अल्प खर्चात ही प्रगती लहान नाही. पण योजना संपल्यावर एका वर्षाने पुन्हा मोजले, तेव्हा त्यांतल्या चारएक जागाच उरल्या होत्या. मिळविलेले सर्व गेले नाही, तरी बरेचसे गेले. वर्ग थांबला की शिक्षणही जागच्या जागी थांबत नाही, ते काही अंशी मागे जाते. अग्रशाळेतील ती मुलगी आज कोणत्या वर्गात आहे हे प्रस्तुत लेखकास माहीत नाही. हातच्याची वजाबाकी तिला आजही येत असावी, अशी आशा आहे.

बडोद्याचीच दुसरी गोष्ट वस्तुरूप देणग्यांविषयी आहे. २००० साली तेथील सुमारे शंभर महापालिका शाळांना राज्य शासनाकडून प्रत्येकी चार संगणक मिळाले होते. दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा प्राथमिक इयत्तांतील मुलांसाठी त्यांचा उपयोग फारच थोड्या शाळांत होत असल्याचे आढळले. मग चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ देण्यात आले. त्यांतला एक तास शाळेच्या वेळात, तर दुसरा शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यानंतर असे. जवळ उभे राहून सांगणारा माणूस नेमला गेला. गणितातील प्रगती बालसखीच्या वर्गांहूनही अधिक झाली. यंत्रे दोन वर्षे तेथेच होती. उणीव होती ती माणसाची आणि वेळापत्रकाची. शासनाकडून आलेल्या वस्तूंबाबत जे घडू शकते, ते कंपनीकडून आलेल्या वस्तूंबाबत घडणार नाही असे मानण्यास जागा नाही.

एका वर्गाचा हिशेब

आता खर्चाकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत; गावोगावी ते बदलतील. पंचवीस मुलांचा एक वर्ग, रोज दोन तास, वर्षाला २२० दिवस, असे धरू. ताईला महिना ८,००० रुपये प्रमाणे अकरा महिन्यांचे मानधन ८८,००० रुपये होते. मुले दुपारी येतात, तेव्हा खाऊ हवाच. प्रत्येकी १० रुपयांप्रमाणे तो ५५,००० रुपयांत जातो. वाचनाची पुस्तके, वह्या, मणी, खडू यांना १५,०००. वीज व झाडलोट यांना १२,०००. ताईचे प्रशिक्षण आणि देखरेख यांना २०,०००. एकूण १,९०,००० रुपये, म्हणजे एका मुलामागे वर्षाला ७,६०० रुपये.

ज्या कंपनीचा तीन वर्षांचा सरासरी नफा ६ कोटी रुपये आहे, तिची वर्षाची २ टक्के रक्कम १२ लाख रुपये होते. तिच्या कार्यालयीन व्यवस्थेसाठी यातील जास्तीत जास्त ५ टक्के, म्हणजे ६०,००० रुपये, खर्च करता येतात. उरलेल्या ११ लाख ४० हजारांत वरील प्रकारचे सहा वर्ग बसतात. शिकविणाऱ्याचे मानधन या ५ टक्क्यांत मोडते असे समजून काही वेळा संस्थाच ते मागावयास बिचकतात. हा गैरसमज आहे. ती मर्यादा कंपनीच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चापुरती असून, प्रकल्पासाठी थेट होणारा खर्च तिच्यातून वगळलेला आहे. म्हणून मागणीपत्रात मानधन सर्वांत वर आणि दप्तरे सर्वांत खाली असावीत.

नफा आटला तर

डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांतील वाचकांच्या मनात एव्हाना एक शंका आली असेल. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम स्थगित झाले. पुढे ते पुन्हा सुरू झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मार्च २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांतील काम पुन्हा थांबले. ट्रक उभे राहिले, बार्जेस धक्क्याला लागल्या. ज्या गावाचा रोजगार आणि ज्या गावातील वर्गाचा पैसा एकाच उद्योगातून येतो, त्या गावाची दोन्ही अंगे एकाच वेळी लुळी पडतात. आणि मुलाला वर्गाची गरज सर्वांत जास्त असते ती बापाचे काम सुटते त्याच वर्षी.

सरासरीच्या नियमाचा येथे थोडा उपयोग होतो. समजा, कायद्याच्या कक्षेत राहण्याइतकी मत्ता असलेल्या एखाद्या कंपनीचा नफा तीन वर्षे ९ कोटी होता. तिची देय रक्कम १८ लाख. चौथ्या वर्षी नफा शून्यावर आला, तर पाचव्या वर्षाची रक्कम एकदम शून्य न होता १२ लाख होते, त्यानंतर ६ लाख, आणि मग काही नाही. म्हणजे ओहोटी लागल्याचे कळल्यापासून दुसरी सोय पाहण्यास गावाला सुमारे दोन वर्षे मिळतात. मात्र त्यासाठी पुरस्कर्त्या कंपनीच्या ताळेबंदाकडे कोणीतरी लक्ष ठेवून असले पाहिजे. शक्य तेथे दोन वेगळ्या धंद्यांतील कंपन्यांकडून अर्धा-अर्धा खर्च घ्यावा. एक औषधांची आणि एक जहाजबांधणीची असेल, तर दोन्ही एकाच वर्षी सहसा बुडत नाहीत. शिवाय पालकांकडून काहीतरी, मग ते महिन्याचे दहा रुपये असोत वा खाऊसाठी नारळ असोत, घेत राहावे. मुष्टिफंडाची मूठ अशा वेळी आठवते.

शाळेने व ग्रामस्थांनी काय करावे

वर्ग कोणी घ्यावा, हा प्रश्न शिक्षक नेहमी विचारतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ यातील कलम २८ अन्वये शिक्षकांना खासगी शिकवणी करण्यास मनाई आहे. त्यामुळे कंपनीकडून मानधन घेऊन आपल्याच विद्यार्थ्यांचा वर्ग चालविण्याच्या फंदात शिक्षकांनी पडू नये. त्यांचे काम अधिक मोलाचे आहे : कोणत्या मुलाला काय येत नाही, हे ताईला सांगणे. आठवड्यातून एकदा दोघांनी दहा मिनिटे बोलावे. एवढे झाले नाही, तर सकाळची शाळा आणि दुपारचा वर्ग हे दोन वेगळे कारभार होऊन बसतात.

पैसा थेट शाळेच्या किंवा देवस्थानाच्या हाती येईलच असे नाही. १ एप्रिल २०२१ पासून हा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेची केंद्र शासनाकडे नोंदणी आवश्यक झाली आहे, आणि कंपनीने वा शासनाने स्थापन न केलेल्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. वाड्यावरील युवक मंडळाने या कारणास्तव खट्टू होऊ नये; नोंदणीकृत संस्थेशी हातमिळवणी करून वर्ग मंडळाला चालविता येतो. शाळेची इमारत वापरावयाची असल्यास भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षण खात्याची लेखी परवानगी घ्यावी, तोंडी संमतीवर विसंबू नये. वर्गात येणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या माणसाची, मग तो कंपनीचा स्वयंसेवक का असेना, नोंद ठेवावी आणि कोणाही एकट्याबरोबर मुलांना बंद खोलीत ठेवू नये. छायाचित्रासाठी पालकांची संमती घ्यावी. ‘गरीब मुलांचा वर्ग’ असा फलक लावण्यास मुख्याध्यापकांनी नम्रपणे, परंतु ठामपणे नकार द्यावा. मूल त्या फलकाखालून रोज जात असते आणि त्याला वाचता यावे म्हणूनच तर आपण वर्ग काढलेला असतो.

कंपनीने आपले सामाजिक कार्याचे धोरण व मंजूर प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाचे असतात. पंचायतीच्या किंवा शाळेच्या संगणकावर ते पाहून घ्यावे आणि मग शाळा व्यवस्थापन समितीने पत्र लिहावे. पुढील वर्षाचा आराखडा कंपनीत वर्षअखेरीपूर्वीच तयार होऊ लागतो, म्हणून पत्र डिसेंबर-जानेवारीत पोहोचावे. मार्चमध्ये लिहिलेल्या पत्राला बहुधा दप्तरेच मिळतात. चार वर्षांचा खर्च एकत्र मांडावा, ‘चालू प्रकल्प’ हे शब्द पत्रात स्पष्ट लिहावेत आणि शाळेच्या विकास आराखड्याची प्रत जोडावी. मुलांची संख्या लिहावी, कोणाला कितपत वाचता येते तेही लिहावे. नावे मात्र लिहू नयेत.